ऐकू येणं, ऐकणं आणि ऐकून घेणं: कामाच्या ठिकाणी नेमकं कुठे अडतं

यंदाच्या अप्रेझलमध्ये माझ्या भाच्याला एक ओळ आली, "लिसनिंग स्किल्स सुधारण्याची गरज आहे." तो हिंजवडीला आयटीत आहे, कामात हुशार आहे, आणि त्या एका ओळीनं तो दोन दिवस अस्वस्थ होता, कारण रेटिंग कमी झालं ते एक, पण आता करायचं काय हे कुणी धड सांगेना. मॅनेजर म्हणाला अ‍ॅक्टिव्ह लिसनिंग कर. एचआरनं एका ट्रेनिंगची लिंक पाठवली, त्यात माणसं एकमेकांकडे बघून नुसती मान हलवतायत. शेवटी त्यानं मला फोन केला, म्हणाला मामा, कान तर माझे नीट आहेत, मीटिंगमध्ये मी मोबाइलपण बघत नाही, मग अजून ऐकायचं म्हणजे नक्की काय करायचं?

मी आयटीतला नाही. भोसरी-चाकण पट्ट्यात मशीनवर सुरुवात केली, मग सुपरवायझर झालो, आता प्लॅनिंगला बसतो, एकूण २२ वर्षं झाली. पण हा विषय मला फार जवळचा आहे, कारण एवढ्या वर्षांत जे नुकसान डोळ्यांनी बघितलं, मालाचं, पैशाचं आणि माणसांच्या मनाचंसुद्धा, त्यातलं पुष्कळसं कुणाला काम येत नव्हतं म्हणून झालेलं नाही, सांगितलं एक आणि पोचलं दुसरं म्हणून झालंय. त्याला फोनवर तुकड्या-तुकड्यांत जे सांगितलं ते इथे सलग लिहितोय.

## आधी आपले तीन शब्द

मराठीत याची फोड आधीच करून ठेवलेली आहे. 'ऐकू येणं' म्हणजे कानावर पडणं, त्यात आपलं काही कर्तृत्व नाही, शेजारच्यांचा मिक्सरही ऐकू येतो. 'ऐकणं' म्हणजे लक्ष देऊन ऐकणं, आपण बातम्या ऐकतो, कीर्तन ऐकतो. आणि तिसरं 'ऐकून घेणं'. यातलं ते 'घेणं' महत्त्वाचं आहे, समोरच्यानं जे दिलं ते आपण हातात घेतलं आणि घेतलेलं त्यालाही दिसलं. पार्सलवाला ओटीपी विचारतो ना, तसं. पार्सल दाराबाहेर ठेवून तो निघून गेला तर त्याच्या मते पोचलं, तुमच्या मते आलंच नाही, आणि मग दोघंही खरं बोलत असताना भांडण होतं.

अ‍ॅक्टिव्ह लिसनिंग म्हणतात ते हे तिसरं, ऐकून घेणं. हा शब्द पसरला तो कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांमुळे, १९५७ साली शिकागो विद्यापीठाच्या औद्योगिक संबंध केंद्रानं त्यांची एक छोटी पुस्तिका काढली होती. म्हणजे हा कॉर्पोरेटवाल्यांनी काल-परवा काढलेला शब्द नाही, आणि त्याचं गाभ्याचं काम मान हलवणं हे तर अजिबात नाही. गाभा एवढाच, की मला काय समजलं ते मी माझ्या शब्दांत तुम्हाला परत सांगायचं आणि बरोबर आहे की नाही हे तुम्ही ठरवायचं. ऐकणाऱ्यानं नीट ऐकलं का, याचा निकाल बोलणाऱ्यानं द्यायचा. पुढचं सगळं या एका वाक्यातून निघतं.

## चाळीस जॉबची रात्र

मला हे पुस्तकातून कळलं नाही. नवीन होतो तेव्हा, सीएनसी लेथवर, म्हणजे धातू कातायच्या कॉम्प्युटरवाल्या मशीनवर, नाईट शिफ्टला होतो. सेकंड शिफ्टचा ऑपरेटर निघायच्या घाईत, बाहेर कंपनीच्या बसचा हॉर्न चालू, शेजारी कॉम्प्रेसर, त्यानं बॅग खांद्यावर टाकता टाकता सांगितलं, "इन्सर्ट बदलायचंय." मी ऐकलं, "इन्सर्ट बदललंय." (इन्सर्ट म्हणजे मशीनमधलं धातू कापणारं छोटं पातं, झिजलं की बदलायचं.)

बदलायचंय आणि बदललंय. कागदावर मोठा फरक दिसतो, मशीनच्या आवाजात एका अक्षराचा आहे. मी म्हणालो हो हो, तो गेला. नवीन इन्सर्ट आहे म्हटल्यावर मी निर्धास्त, सुरुवातीला जेवढ्या वेळा मायक्रोमीटर लावायला हवा होता तेवढ्या वेळा लावला नाही, आणि जेव्हा जॉबची, म्हणजे मशीनवर बनणाऱ्या तुकड्याची, फिनिश खराब दिसायला लागली आणि ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, मापाबाहेर गेल्याचं कळलं तोपर्यंत चाळीसेक जॉब रिजेक्शनच्या लाल ट्रेमध्ये. दुसऱ्या दिवशी तो शपथेवर सांगत होता की मी बदलायचंय म्हणालो, मी शपथेवर सांगत होतो की बदललंय म्हणाला. दोघांच्या ओळखीत त्यानंतर कितीतरी दिवस एक गाठ राहिली. तीन सेकंद लागले असते हो, "म्हणजे मी आता बदलू का?" एवढंच विचारायला.

## डोकं असं का करतं?

इथे लोक म्हणतात की लक्ष नव्हतं. पण लक्ष असतानाही हे होतं, आणि त्याची कारणं शास्त्रज्ञांनी मोजलेली आहेत.

पहिलं कारण मला सगळ्यात भारी वाटतं. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेच्या भाषाशास्त्रज्ञांनी जगातल्या १० वेगवेगळ्या भाषांमधल्या गप्पा रेकॉर्ड करून बघितल्या (२००९ साली हे छापून आलं), तर एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी अंतर निघालं साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. आता गंमत बघा, समोर दाखवलेल्या साध्या चित्राचं नाव तोंडातून बाहेर काढायलासुद्धा आपल्याला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. मग २०० मध्ये उत्तर येतं कसं? कारण समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर आत तयार व्हायला लागलेलं असतं. लोकलमध्ये दादरला उतरायचं असेल तर माणूस आधीच्या स्टेशनपासूनच दरवाज्यात येऊन उभा राहतो, तसं आपलं उत्तर दरवाज्यात येऊन उभं असतं, आणि एकदा दरवाज्यात उभं राहिलं की आतल्या डब्यात कोण काय बोलतंय हे काही नीट कानावर पडत नाही. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. 'मी ते करणार आहे', 'करणार नाही', 'करणार होतो', सगळा निकाल शेवटच्या शब्दात. म्हणजे जिथे आपलं उत्तर दरवाज्यात पोचलेलं असतं, नेमका तिथेच समोरच्याचा मुद्दा येत असतो.

दुसरं, डोक्यातली तात्पुरती जागा फार लहान आहे. लहानपणी वाण्याकडे पाठवायचे तेव्हा आपण रस्ताभर "साखर, रवा, तेल, काडेपेटी" असं पुटपुटत जायचो आणि मध्येच कुणी काकांनी "कुठे निघालास रे?" विचारलं की त्यातलं एक गळायचं. नेल्सन कोवन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं २००१ साली सगळे प्रयोग तपासून असं मांडलं की एका वेळी आपण साधारण चारच गोष्टी अशा हातात धरू शकतो. सकाळच्या मीटिंगमध्ये साहेब एका दमात नऊ कामं सांगतात, सगळे माना डोलावतात, आणि मग पाच कामं 'विसरली' म्हणून बोलणी. ती विसरली नाहीत, ती डोक्यातल्या त्या लहान जागेत कधी बसलीच नव्हती.

या दोन गोष्टी एकत्र धरल्या तर 'मी नीट लक्ष देईन' हा निश्चय किती तोकडा आहे ते कळतं. लक्ष देणं पाहिजेच, पण एकट्या लक्षावर भरवसा ठेवून चालत नाही. ज्यांच्या कामात चूक झाली की माणसं मरतात त्यांनी हे फार आधी ओळखलं.

## विमानवाल्यांचा धडा

२७ मार्च १९७७. स्पेनच्या कॅनरी बेटांमधलं टेनेरिफ, तिथला लॉस रोडिओस विमानतळ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून तिकडची विमानं इथे वळवलेली, विमानतळ लहान, गर्दी प्रचंड, त्यात दाट धुकं. केएलएम या डच कंपनीचं जंबो जेट रनवेच्या टोकाला उभं, आणि पॅन अ‍ॅमचं दुसरं जंबो त्याच रनवेवरून धुक्यात हळूहळू येतंय. टॉवरनं, म्हणजे विमानतळावरून विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरनं, केएलएमला उडाल्यावर कुठल्या मार्गानं जायचं ते सांगितलं. ती उडायची परवानगी नव्हती, पण त्या वाक्यात 'टेकऑफ' हा शब्द होता. को-पायलटनं ते परत म्हणून दाखवलं आणि शेवटी जोडलं की आम्ही आता टेकऑफवर आहोत. टॉवरला वाटलं, टेकऑफच्या जागेवर उभे आहेत. खरं तर विमान पळायला लागलं होतं.

टॉवर म्हणाला ओके. क्षणभर थांबून पुढे म्हणाला, थांबा, टेकऑफसाठी मी कळवतो. नेमकं तेव्हाच पॅन अ‍ॅमवाले रेडिओवर सांगत होते की आम्ही अजून रनवेवरच आहोत. त्या रेडिओवर दोघं एकदम बोलले की एकमेकांचं कापलं जातं, केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्पष्ट पोचलं ते फक्त 'ओके', पुढे कर्कश शिट्टीसारखा आवाज. तरीसुद्धा एक संधी होती. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, त्यानं विचारलं की तो पॅन अ‍ॅमवाला अजून बाहेर पडला नाहीये का? कॅप्टन म्हणजे कंपनीतला अतिशय ज्येष्ठ, पायलटांना शिकवणारा माणूस. त्यानं ठामपणे सांगितलं, पडलाय. विषय संपला. काही सेकंदांनी दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जेवण गेलं नव्हतं, कारण त्यातलं प्रत्येक माणूस मला आमच्या शॉपफ्लोअरवर दिसत होतं. घाईतला सीनियर, दबकत विचारणारा ज्युनियर, आणि मधे एक 'ओके'.

त्यानंतर नियम कडक झाले. 'टेकऑफ' हा शब्द उडायची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, बाकी सगळीकडे 'डिपार्चर' म्हणायचं. आणि महत्त्वाच्या सूचनेला नुसतं ओके म्हणून चालणार नाही, सूचनेतला मुख्य भाग परत बोलून दाखवायचा. याला रीडबॅक म्हणतात. पण त्याचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात, टॉवरवाल्यानं तो रीडबॅक लक्ष देऊन ऐकायचा आणि चुकला असेल तर तिथेच दुरुस्त करायचा, याला हिअरबॅक म्हणतात. म्हणजे सांगणाऱ्याचंही काम सांगून संपत नाही. शिवाय कॉकपिटमधल्या ज्युनियरनं ठामपणे बोलावं आणि सीनियरनं ते ऐकून घ्यावं याचंच वेगळं ट्रेनिंग सुरू झालं, १९७९ मध्ये नासानं त्यावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सनं ते आपल्या पायलटांसाठी आणलं.

आपल्याकडे हरियाणात चरखी दादरीजवळ १२ नोव्हेंबर १९९६ ला सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर झाली, ३४९ जण गेले. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याच्या खाली आलं. त्या विमानात टॉवरशी बोलायला वेगळा रेडिओ ऑपरेटर होता, विमान चालवणारे दुसरे. ऐकणारा एक आणि करणारा दुसरा असला की मधल्या त्या एका उडीत काय हरवू शकतं हे आपल्या ऑफिसांनाही लागू आहे, क्लायंटशी बोलणारा एक आणि कोड लिहिणारी दुसरीच मुलगी, हे तर भाच्याच्या टीममध्ये रोज चालतं.

## रेल्वेत हे रोज चालतं

इतकं लांब जायला नको. आपल्या रेल्वेच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा असिस्टंट, दोघांनाही समोरचा सिग्नल दिसत असतो, तरी तो कुठल्या रंगाचा आहे हे दोघं एकमेकांना मोठ्यानं बोलून दाखवतात. स्टेशन मास्तर शेजारच्या स्टेशनला किंवा फाटकावरच्या गेटमनला फोनवर गाडीबद्दल सांगतो तेव्हा नुसतं 'हो, ठीक आहे' चालत नाही, प्रायव्हेट नंबर नावाचा एक आकडा दिला-घेतला जातो आणि तो लिहून ठेवावा लागतो. त्यांचा एकमेकांवर विश्वास नाही म्हणून असं करतात असं कुणी समजू नये. माणसाच्या कानाची मर्यादा त्यांनी मान्य केलीय आणि तिच्यासाठी एक पायरी बांधलीय, जिन्याला कठडा असतो तशी.

## मग आपण काय करायचं?

पहिली गोष्ट, 'कळलं का?' हा प्रश्न बंद करायचा. याचं उत्तर कायम 'हो' येतं. न कळलेला माणूसही हो म्हणतो, कारण चारचौघांत नाही म्हणणं म्हणजे स्वतःचा अपमान. त्याऐवजी, "मी फार भराभर सांगितलं बघ, तू आता पहिलं काय करणार आहेस ते एकदा सांग बरं." चूक स्वतःकडे घ्यायची म्हणजे समोरच्याला परीक्षा वाटत नाही. नवीन पोरांच्या बाबतीत मी हे सुरू केलं तेव्हा पहिल्या आठवड्यात मला माझ्याच सांगण्यातली इतकी भोकं दिसली की वाटलं, आजवर किती जणांना उगाच बोललो.

दुसरी, आपला 'हो' तपासायचा. मराठी 'हो'चे निदान चार अर्थ होतात. हो, तुमचा आवाज येतोय. हो, समजलं. हो, पटलं. हो, करतो. साहेब चौथा धरून चालतात, आपण पहिला म्हटलेला असतो. 'बघतो' हा शब्द तर याहून धोक्याचा, कुणी 'बघतो' म्हणून खरंच बघतं आणि कुणाचा 'बघतो' म्हणजे सभ्य भाषेतला नकार. म्हणून 'हो'च्या पुढे क्रियापद लावायची सवय लावा, "हो, समजलं, पण मला पटलेलं नाही", "हो, आज पाचपर्यंत पाठवतो." एवढ्यानं निम्मे घोळ कमी होतात, हा माझा अनुभव.

तिसरी, आकडे आणि दिवस कायम परत बोलायचे. आपल्या भाषेत 'परवा' दोन्हीकडे चालतो, होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा. "परवाचं डिस्पॅच अडकलंय" यावरून मी स्टोअरमध्ये दोन माणसांना अर्धा तास भांडताना बघितलंय, एक जण गेलेल्याबद्दल बोलत होता, दुसरा येणाऱ्याबद्दल. त्यात शॉपवर अर्धे लोक हिंदी बोलणारे, त्यांचा 'कल' पण तसाच, कालही कल आणि उद्याही कल. म्हणून वार आणि तारीख बोला. आकड्यांचंही तेच, एकोणसाठ आणि एकोणसत्तर फोनवर एकसारखे येतात, पावणेदोनशे म्हणजे १७५ हे मुंबईत वाढलेल्या नव्या मुलीला माहीत नव्हतं आणि विचारायला ती लाजली. "पाच-नऊ, एकोणसाठ" असं एकेक आकडा सुटा बोलायचा, विमानवालेसुद्धा आकडे सुटेच बोलतात.

चौथी, समोरच्याचं क्रियापद येऊ द्यायचं. त्याचं वाक्य संपलं की मनात एक श्वास मोजायचा आणि मग तोंड उघडायचं. ऑनलाइन मीटिंगमध्ये तर दोन श्वास, कारण तिथे नेटमुळे आवाज उशिरा पोचतो आणि आपल्याला सवय असते त्या २०० मिलिसेकंदांचं सगळं गणितच बिघडतं, म्हणून तर सगळे एकदम बोलतात आणि एकदम गप्प होतात.

## "पण एवढा वेळ कुणाला आहे?"

हा आक्षेप भाच्यानं लगेच घेतला आणि तो खोटा नाही, सगळ्यांनाच घाई आहे. पण डॉक्टरांवर झालेला एक अभ्यास बघा, कारण त्यांच्याइतकी घाई कुणालाच नसते. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ पेशंटांच्या भेटी रेकॉर्ड केल्या, तर पेशंट बोलायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरनं त्याला मध्येच तोडलेलं निघालं. डॉक्टरांना भीती हीच, की बोलू दिलं तर हा थांबणारच नाही. मग २००२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या एका हॉस्पिटलात उलटं करून बघितलं. डॉक्टरांना सांगितलं की मध्ये बोलू नका, पेशंट स्वतःहून थांबेल तेव्हा थांबेल, आणि गुपचूप घड्याळ लावलं. ३३५ पेशंट. सरासरी वेळ निघाला ९२ सेकंद. दीड मिनिट! दर १०० मधले ७८ जण दोन मिनिटांच्या आत आपण होऊन थांबले, आणि पाच मिनिटांच्या वर गेले ते ३३५ पैकी फक्त सात.

आपल्याला समोरच्याचं बोलणं जेवढं लांब वाटतं तेवढं ते नसतं. आपलं उत्तर दरवाज्यात उभं असतं म्हणून आपल्याला स्टेशन लांब वाटतं.

आता खरोखर पाल्हाळ लावणारे लोक असतात, त्या सातांपैकी. त्यांनाही हाच उपाय लागू पडतो हे मला उशिरा कळलं. माणूस तेच तेच परत सांगतो कारण आधीचं पोचलं याची त्याला खात्री नसते. "थांबा दादा, तुमचं म्हणणं असं ना, की सेटिंग बदललं तेव्हापासूनच आवाज येतोय?" असं म्हटलं की तो बहुतेक वेळा "हां, तेच!" म्हणतो आणि पुढे सरकतो. तोडण्यापेक्षा हे लवकर होतं आणि त्याचा मानही राहतो.

## "परत-परत विचारलं तर साहेबांना वाटेल मला कळत नाही"

ही भीती फार खरी आहे, विशेषतः नवीन लोकांना आणि बायकांना, ज्यांना एकदा 'हिला कळत नाही' असा शिक्का बसला की पुसता पुसत नाही. म्हणून विचारायची पद्धत बदला. "सर, परत सांगा ना" यात सगळं काम साहेबांवर पडतं. "सर, मी असं समजलोय, आधी जुन्या ऑर्डरचा माल आणि तो गेल्याशिवाय नवीन सुरू करायचा नाही, बरोबर?" यात काम तुम्ही केलंय, त्यांनी फक्त हो-नाही म्हणायचं. माझा अनुभव असा की साहेब लोकांना हे आवडतं, आणि बऱ्याचदा ते म्हणतात, "नाही नाही, तसं नाही..." आणि मग जे सांगतात ते आधी सांगितलेलंच नसतं.

फक्त पोपटासारखं तेच शब्द परत म्हणू नका. कुणी म्हणालं "मला या प्रोजेक्टचा कंटाळा आलाय" आणि तुम्ही म्हणालात "अच्छा, तुला या प्रोजेक्टचा कंटाळा आलाय", तर समोरचा चिडणारच. त्याच्या शब्दांच्या मागे जाऊन आपल्याला लागलेला अर्थ ठेवायचा, "कामाचा आलाय की एकट्यावर पडतं म्हणून आलाय?" चुकला तरी चालेल, तो दुरुस्त करेल, आणि दुरुस्त करताना जे बोलेल ते खरं असतं.

## "ऐकून घेतलं तर मान्य केल्यासारखं होईल"

हा आक्षेप मोठा आहे आणि मला वाटतं याची मुळं आपल्या भाषेतच आहेत. मराठीत ऐकणं म्हणजे आज्ञा पाळणंसुद्धा. "पोरगं ऐकत नाही", "कुणाचं ऐकू नकोस", "शेवटी ऐकलं बाबा त्यानं." लहानपणापासून ऐकणं म्हणजे वाकणं हे डोक्यात बसलेलं. आणि 'ऐकून घ्यावं लागलं' म्हणजे तर बोलणीच खाल्ली. मग मॅनेजर झाल्यावर माणसाला वाटतं की हाताखालच्याचं पूर्ण ऐकून घेतलं तर आपण नमलो, आणि युनियनच्या मीटिंगमध्ये दोन्ही बाजूंना हेच वाटतं.

यावर रॉजर्सनं सुचवलेला एक नियम मला फार उपयोगी पडलाय. वाद चालू असताना प्रत्येकानं आपला मुद्दा मांडायच्या आधी समोरच्याचा मुद्दा त्याचं समाधान होईल असा सांगून दाखवायचा, मगच स्वतःचं बोलायचं. ऐकायला सोपं, करायला घाम फुटतो. ओव्हरटाइमच्या एका भांडणात मी हे करून बघितलं. मी म्हणालो, "तुमचं म्हणणं असं की पैशाचा प्रश्न नाही, ऐनवेळी सांगतात आणि घरी काही ठरवता येत नाही, हे ना?" समोरचा ज्येष्ठ कामगार एकदम शांत झाला, म्हणाला, "साहेब, हेच तर दोन महिने सांगतोय." मी त्यांचं काही मान्य केलं नव्हतं. ओव्हरटाइम तेव्हाही लागणारच होता. पण आदल्या दिवशी सांगायचं एवढ्यावर ते मिटलं, आणि दोन महिने आम्ही पैशावर भांडत होतो.

समजलं आणि पटलं हे दोन वेगळे शब्द आहेत, ते मोठ्यानं वेगळे बोलून दाखवा: "तुमचं मला समजलंय. पटलेलं नाही, का ते सांगतो."

## "आता तर एआय मीटिंगच्या नोट्स काढतं"

काढू दे, चांगलंच आहे, डोक्यात न बसलेली पाच कामं कागदावर तरी राहतात. पण मशीन 'परवा' असं लिहून ठेवेल, कुठला परवा हे दोघांच्या डोक्यात एकच आहे का ते नाही लिहिणार. शिवाय नोट्स आहेत म्हणून लोक मीटिंगमध्येच विचारायचं सोडून देतात, हे भाच्यानंच सांगितलं.

## "आणि वरचाच ऐकत नसेल तर?"

हा शेवटचा प्रश्न त्यानं हळू आवाजात विचारला, आणि मला वाटतं मूळ दुखणं हेच होतं. त्याचा मॅनेजर सगळं अर्ध्यात तोडतो आणि अप्रेझलमध्ये लिहितो की तू ऐकत नाहीस.

याच्यावर माझ्याकडे जादू नाही. न ऐकणाऱ्याला 'तुम्ही ऐकत नाही' असं सांगून तो ऐकायला लागल्याचं मी पाहिलेलं नाही. पण एक करता येतं, महत्त्वाचं असेल ते लहान करून, सगळ्यात आधी, एका वाक्यात सांगायचं, पार्श्वभूमी नंतर. टेनेरिफच्या त्या इंजिनिअरनं प्रश्न विचारला होता, आणि प्रश्नाला 'पडलाय' असं उत्तर देऊन मोकळं होता येतं. "सर, मला खात्री नाही, खात्री होईपर्यंत मी हे सोडणार नाही" याला तसं उडवता येत नाही. आणि बोलून झाल्यावर दोन ओळींचा मेसेज टाकायचा, आपलं असं ठरलं, चुकत असेन तर सांगा. तो पुराव्यासाठी वाटू नये म्हणून भाषा साधी ठेवायची. चार-पाच वेळा त्यानं उत्तर दिलं की त्यालाच त्याची सवय लागते.

भाच्यानं गेल्या महिन्यात हे सुरू केलंय. पहिल्याच मेसेजवर मॅनेजरचं उत्तर आलं, "नाही, मी रिलीज शुक्रवारी नाही, सोमवारी म्हणालो होतो." टीममधल्या पाचही जणांनी शुक्रवार ऐकलेला होता.